संचातून निघून गेलेली गावं

लिम्बानी रेडिओवर बोलत होता तेव्हा मी ऑफिसच्या पायरीवर बसून गरम, तळलेली मांदासी खात होते. चहा विकणाऱ्या मायीने आपला रेडिओ मोठा केला आणि कौतुकाने म्हणाली, "तुझा साहेब बघ, कसा छान बोलतो!"

छानच बोलत होता. शांत आवाज, मोजके शब्द.

"आमची यंत्रणा पूर्ण तयार होती," तो सांगत होता. "पण नदीवर पाणी मोजणाऱ्या एनेलेस चिगांबा बाईंनी दुपारचा निरोप पाठवलाच नाही. निरोपच आला नाही, तर इशारा जाणार कुठून? यंत्र कमी पडलं नाही. दुर्दैवाने माणूस कमी पडला."

मी मांदासी खाली ठेवली. तो निरोप आलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

आमचं ऑफिस ब्लांटायरला, लिंबे रस्त्यावर, एका टायरच्या दुकानाच्या वर. कंपनीचं नाव न्याली, म्हणजे दिवा. खाली खोऱ्यात दर पावसाळ्यात शिरे नदी चढते. तिच्या काठी वरच्या अंगाला एक मोजणीची जागा आहे, तिथे ही एनेलेस चिगांबा रंगवलेल्या खांबावर पाणी कुठवर आलं ते बघते आणि फोनवरून आमच्या यंत्राला कळवते. यंत्र तिचा निरोप वाचतं आणि खालच्या चाळीसेक गावांना इशारा पाठवतं. मुखियाला, शाळेला, दवाखान्याला. केशरी म्हणजे जनावरं वर न्या. लाल म्हणजे माणसं हलवा. एवढंच आमचं काम. पण हे एवढं काम झालं नाही, तर बाकीचं सगळं असून उपयोग नाही.

पुराच्या दिवशी सकाळी एनेलेसने केशरी कळवलं आणि सगळ्या गावांना इशारा गेला. लोकांनी गुरं वर नेली. दुपारी माझ्या पडद्यावर तिचा दुसरा निरोप उमटला : "लाल. भराभर चढतंय. एनेलेस." खाली हिरवी खूण आली : "काम पूर्ण. बाकी गावं : शून्य." म्हणजे सगळ्यांना गेला, असं मी समजले. लिम्बानी त्या दिवशी लिलाँग्वेला बैठकीत होता. मी घरी गेले, मक्याच्या पिठाची न्सिमा आणि उसिपाची सुकी मासळी जेवले आणि निजले.

त्या रात्री नदी गावांत शिरली. लोक घरात होते. पाच जण गेले. त्यांत एक शाळकरी मुलगी होती.

आणि आता हा रेडिओवर सांगत होता, की बाईने निरोप पाठवलाच नाही.

तो स्टुडिओतून परत येईपर्यंत मी त्याच्या खोलीत जाऊन उभी राहिले. माझं वय अठ्ठावीस, त्याचं पंचेचाळीस. मी उत्तरेकडची, म्झुझूची. कॉलेजातून थेट त्यानेच मला उचललं, काम शिकवलं. त्याच्याशी वर मान करून बोलायची माझी सवय नव्हती.

"बॉस, लाल आला होता," मी म्हणाले.

"काय?"

"एनेलेसचा लालचा निरोप. दुपारी आला होता. मी पाहिला."

त्याने बॅग टेबलावर ठेवली. "लुसुंगू, तू सकाळचा केशरी पाहिला असशील. गडबडीत होतं असं."

"केशरी आणि लाल कळतो मला. लहान पोराला कळतो. तुम्ही बघा ना, यंत्रात असेल अजून."

त्याने बघितलं. निरोप तिथेच होता, ठळक. तो वाचून लिम्बानी म्हणाला, "मग फोन कंपनीने खाल्ला असणार. आपल्याकडून गेला, पुढे पोचला नाही."

"हे रेडिओवर जायच्या आधी नाही बघितलंत?"

"चाळीस फोन येत होते मला सकाळपासून! मंत्रालय, मदत देणारे, पत्रकार. एकाही गावाला लालचा इशारा मिळाला नाही म्हटल्यावर माणूस काय समजेल? बाईने पाठवला नाही असंच समजेल ना?"

मला इथे पहिल्यांदा राग आला. एका बाईचं नाव देशभर घेतलं याने, आणि त्याआधी एक पान उघडून बघितलं नाही! पण अजून मला खरं कारण माहीत नव्हतं. म्हणून मी चाचणीच्या यंत्रावर गेले.

चाचणीच्या यंत्राला खरी गावं जोडलेली नसतात. ऑफिसातले जुने फोन टेबलावर मांडले की तीच गावं. मी यंत्राला केशरीचा निरोप दिला. टेबलावरचे सगळे फोन एकामागून एक किणकिणले. मग लालचा दिला.

टेबल गप्प. एक फोन वाजला नाही. आणि पडद्यावर ऐटीत हिरवी खूण : "काम पूर्ण. बाकी गावं : शून्य."

मी लाल परत दिला. तेच. यंत्र बंद करून चालू केलं आणि आधीच लाल दिला, तर सगळे फोन वाजले. त्यानंतर केशरी दिला, तर एकही नाही. म्हणजे फोन कंपनीचा काही संबंध नव्हता. यंत्र दिवसातून एकदाच बोलत होतं. दुसऱ्यांदा मुकं. आणि मुकं असून तोंड वर करून सांगत होतं, की काम झालं.

मग मी कोड उघडला. दहा-बारा ओळींचा भाग होता तो. सापडायला वेळ लागला नाही, आणि सापडल्यावर तळपायाची आग मस्तकात गेली.

गावांची नावं एका संचात ठेवलेली होती. संच घेतला हे बरोबरच होतं. त्यात एक नाव दोनदा घातलं तरी एकदाच राहतं, त्यामुळे एका गावाला दोनदा इशारा जात नाही. पण हा संच बदलता येणारा असतो. त्यात नाव घालता येतं, काढता येतं. लिम्बानीने लिहिलं होतं : "बाकी" म्हणजे "गावं". मग "बाकी"मधून एकेक नाव काढायचं, त्या गावाला इशारा पाठवायचा, असं "बाकी" रिकामा होईपर्यंत. त्याच्या मनात असं, की "बाकी" ही "गावं"ची वेगळी प्रत आहे, ती रिकामी झाली तरी मूळ संच शाबूत राहील. पण तसं लिहिलं की प्रत होत नाही. एकाच संचाला दुसरं नाव मिळतं, बस. "बाकी"तून गाव काढलं की "गावं"मधूनही ते गेलं. सकाळी सगळ्या गावांना केशरी पोचला, आणि एकेक करत सगळी गावं यंत्राच्या डोक्यातून पुसली गेली. दुपारी लाल आला तेव्हा पाठवायला गावच नव्हतं. रिकाम्या संचात कोणी बाकी नसतं. म्हणून हिरवी खूण.

यंत्र रोज पहाटे आपोआप बंद होऊन चालू व्हायचं आणि गावांची नावं नव्याने वाचायचं. इतके दिवस एका दिवसात दोन इशारे कधी लागलेच नव्हते. त्यामुळे कुणाला कळलं नाही.

एक शब्द हवा होता. "प्रत". तोही नको असेल तर भाषेत न बदलणारा संचही मिळतो. तो घेतला असता तर पहिलं नाव काढतानाच यंत्राने बोंब मारली असती, आणि आम्ही ती ऑफिसात बसून ऐकली असती. नदीला ऐकवायची वेळ आली नसती.

ती ओळ कुणी लिहिली हे यंत्र नावासकट लक्षात ठेवतं. ओळ लिम्बानीची होती.

मी त्याला बोलावलं. टेबलावर फोन मांडलेले होतेच. यंत्र नव्याने चालू करून त्याच्यासमोर केशरी दिला, लाल दिला. तो खुर्चीत बसला. ओळ वाचली. मग पुन्हा वाचली, आणि दोन्ही हात तोंडावर घेतले.

"देवा," तो म्हणाला. "ही मी लिहिली."

मला त्याची दया आली, खोटं का सांगू. चूक कुणाकडूनही होते. मी त्याला पाणी आणून दिलं.

"आता रेडिओवर फोन करू या," मी म्हणाले. "त्या बाईचं नाव मोकळं करू या."

त्याने ग्लास खाली ठेवला. "थांब. जरा विचार करू दे."

"विचार काय करायचा?"

"लुसुंगू, नीट ऐक. मोझांबिकवाले पुढच्या महिन्यात येणार आहेत ही यंत्रणा बघायला. तिकडे आपल्यापेक्षा मोठी नदी आहे, जास्त गावं आहेत. आज आपण ओरडून सांगितलं की आमच्यात खोट होती, तर कुणी घेईल का? मग त्या गावांना काहीच मिळणार नाही. काहीच नसण्यापेक्षा दुरुस्त केलेलं आपलं यंत्र बरं ना? तू दुरुस्ती कर. आत्ता कर. बदलाच्या नोंदीत लिही, 'वेग वाढवला'. पुढे असं होणार नाही, हे महत्त्वाचं."

"आणि एनेलेस?"

"तिला मी दुसरीकडे काम मिळवून देईन. शब्द आहे माझा."

"दुसरीकडे काम? बॉस, लोक तिला काय म्हणत असतील तिकडे!"

"मला काय आनंद होतोय का?" त्याचा आवाज चढला. "ती पाच माणसं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत!"

"मग त्यांच्यासमोर जाऊन सांगा!"

मी इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेर टाय सैल करून फोनवर बोलणारा माझा सहकारी पेम्फोसुद्धा थबकला. लिम्बानीने उठून दार लावलं. आणि हळू आवाजात, मला पहिल्या दिवशी काम समजावलं होतं त्याच आवाजात म्हणाला, "तू लहान आहेस. हा राग उतरेल तुझा."

दुरुस्ती मी केली. ती रोखून धरणं पाप झालं असतं, पावसाळा संपला नव्हता. पण बदलाच्या नोंदीत मी लिहिलं : "दिवसातला दुसरा इशारा कोणत्याही गावाला जात नव्हता. आता जाईल." त्याने ते वाचून खोडलं आणि "वेग वाढवला" लिहिलं. मला एका शब्दाने विचारलं नाही.

मी वाट बघितली. मला खरंच वाटलं होतं की दोन-चार दिवसांत त्याचं मन त्याला खाईल. पेम्फो मला जेवणाच्या वेळी गाठून म्हणाला, "नको ना त्या फंदात पडू. तुझी नोकरी गेली तर म्झुझूला जाऊन काय मासे विकणार आहेस?" लिम्बानी येताजाता मला नेहमीसारखं हसून "मुली बवांजी?" विचारायचा, कशी आहेस म्हणून. मी बरी नव्हते. आठवडा सरत आला आणि रेडिओवर काहीच आलं नाही. उलट वर्तमानपत्रात एका मोठ्या माणसाने लिहिलं, की खेड्यातल्या अर्धशिक्षित लोकांच्या हाती इतकं महत्त्वाचं काम देऊ नये.

ते वाचलं आणि मी मिनीबस पकडून खाली खोऱ्यात गेले.

घाट उतरला की हवा अंगाला चिकटते. रस्त्याकडेला उसाच्या शेतांत अजून गढूळ पाणी होतं. एनेलेसचं गाव विचारत गेले, तर एका सायकलवाल्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कोण, ती झोपाळू?" तो म्हणाला. "त्या बाभळीपलीकडे. पण तिच्याकडचं पाणी पिऊ नकोस, तिला बोअरवर येऊ देत नाहीत. ओढ्यातलं असेल."

एनेलेस अंगणात मका निवडत होती. पन्नाशीची, उंच, कमरेला चितेन्जेचं कापड घट्ट गुंडाळलेलं. मी चवड्यावर बसून नमस्कार केला, नाव सांगितलं, कुठून आले ते सांगितलं. कंपनीचं नाव ऐकल्यावर तिचे हात थांबले.

"मायी," मी म्हणाले, "तुम्ही निरोप पाठवला होता. मला माहीत आहे. चूक आमच्या यंत्राची होती."

मला काय अपेक्षा होती कोण जाणे. ती रडेल, माझा हात धरेल, असं काहीतरी. ती उठली आणि सुपातला मका माझ्या अंगावर भिरकावला.

"मला सांगायला आलीस?" ती म्हणाली. "मला? मी पाठवला हे मला माहीत नाही? माझ्या या बोटांनी पाठवला! इतका लांब प्रवास करून तू मला हे सांगायला आलीस, की मी खोटारडी नाही?"

"मायी, मी..."

"तुझा तो साहेब आला होता ना इथे, यंत्र बसवताना. मी आधी काय करायचे माहीत आहे? पाणी चढलं की लोखंडी रूळ बडवायचे. एकाने ऐकला की पुढच्या गावचा बडवायचा. खालपर्यंत जायचा आवाज. तो म्हणाला, मायी, आता ते बंद करा. दोन-दोन इशारे झाले की लोक गोंधळतात. मी बंद केलं! शिकलेला माणूस सांगतोय म्हणून बंद केलं! त्या दिवशी मी लाल पाठवला आणि शेळ्या बांधायला गेले. मला वाटलं, खाली सगळीकडे फोन वाजताहेत. डोरिकाचाही वाजत असेल."

नंतर मला कळलं, की गेलेली शाळकरी मुलगी, तामांडा, ही तिच्या सख्ख्या बहिणीची, डोरिकाची पोर. डोरिका खालच्या गावात राहायची. पुरानंतर एनेलेस तिच्याकडे गेली, तर तिने दार उघडलं नाही. फोन दाखवून खरं पटवावं, तर एनेलेसचा फोन त्याच रात्री पाण्यात गेला होता.

"तिला सांग," एनेलेस म्हणाली. "बोअरवरच्या बायकांना सांग. मुखियाला सांग. मला नको सांगू. आणि एकेकाच्या कानात नको, सगळ्यांदेखत सांग. त्याने सगळ्यांदेखत सांगितलं होतं."

मी मका वेचू लागले. तिने ओढून मला उभी केली. "राहू दे तो. कोंबड्या खातील. बुधवारी मुखियाने बैठक लावलीय, तुझा साहेब येणार आहे, नवीन माणूस नेमायला. तू येतेस की नाही तेवढं बोल."

"येते," मी म्हणाले.

बैठक शाळेच्या पटांगणात होती. वर्गांमध्ये अजून पूरग्रस्त राहत होते, खिडक्यांतून कपडे वाळत घातलेले. मुखिया न्यातवा मधे खुर्चीवर, त्याच्या बाजूला कंपनीचा पांढरा सदरा घातलेला लिम्बानी, समोर चटयांवर बायका, मागे पुरुष. एनेलेस सगळ्यांपासून लांब, एकटी बसली होती. तिच्याभोवती चटया पसरायला जागा असून कुणी पसरल्या नव्हत्या.

मला बघून लिम्बानी चपापला. तो खुर्चीवरून वाकून म्हणाला, "तू रजेवर आहेस ना?"

"हो," मी म्हणाले आणि बायकांत जाऊन बसले.

त्याने भाषण केलं. दुःख आहे म्हणाला. आम्ही तुमच्याबरोबर आहोत म्हणाला. आता आपण मोजणीला एक तरुण, शिकलेला माणूस ठेवू म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. मी चटईच्या काड्या उपटत होते, ते बघून शेजारच्या अगोगोने, एका आजीने, विचारलं, "बरं नाही का गं?"

मी उठून मुखियाकडे वळले. "म्फुमू, मला बोलायचंय. मी लुसुंगू म्हांगो. मी या साहेबांच्या ऑफिसात काम करते."

"म्फुमू, ही आमची कनिष्ठ..." लिम्बानी सुरू झाला.

"तिला बोलू दे," मुखिया म्हणाला. "तुझ्याच घरची आहे ना?"

मी सांगितलं. एनेलेसने लाल पाठवला होता, मी पाहिला होता. यंत्राने तो एकाही गावाला पाठवला नाही. लोकांत खळबळ उडाली. मागून एक जण ओरडला, "का नाही पाठवला? यंत्राला काय झोप लागली होती?"

"यंत्रात तुमच्या गावांची नावं एका ठिकाणी ठेवलेली होती," मी म्हणाले. "सकाळी केशरी पाठवताना ज्या गावाला तो गेला, त्याचं नाव यंत्र खोडत गेलं, म्हणजे कोण राहिलं ते कळावं. ते खोडायचं होतं प्रतीवर. पण प्रत केलेलीच नव्हती. एकाच गोष्टीला दोन नावं दिली होती. त्यामुळे खरी नावंच खोडली गेली. दुपारी यंत्राला तुमच्यातलं एकही गाव आठवत नव्हतं."

मग एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "माझ्या बापाला आम्ही घरात बाम्बो म्हणायचो आणि चर्चमध्ये लोक त्याला डीकन म्हणायचे. डीकनला पुरलं, आणि घरी येऊन बघतो तर बाम्बोही नाही. असंच ना?"

"असंच, अगोगो," मी त्या आजोबांना म्हणाले.

कुणीतरी हसलं. कडवट हसू होतं ते, लगेच विरलं.

"ही फार तांत्रिक बाब आहे," लिम्बानी म्हणाला. "अशी उघड्यावर, अर्धवट सांगून लोकांचा गैरसमज..."

"समजलं आम्हाला," मुखिया म्हणाला. "म्हाताऱ्याने सांगितलं की. आता मला एकच सांग. हे तुला आज कळलं?"

लिम्बानीने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात धमकी नव्हती, विनवणी होती. त्याने मला शिकवलेलं सगळं मला त्या क्षणी आठवलं. आणि त्याच क्षणी मला समोर एनेलेस दिसली, रिकाम्या जागेच्या मधोमध.

"ज्या दिवशी रेडिओवर बोलले त्याच दुपारी कळलं," मी म्हणाले. "मीच दाखवलं. ते म्हणाले, गुपचूप दुरुस्त कर."

आता जो आवाज उठला तो मी कधी विसरणार नाही. बायका उठून उभ्या राहिल्या. बोअरवरून एनेलेसला हाकलणाऱ्या बायकाच सगळ्यात पुढे. एकीने लिम्बानीच्या अंगावर चप्पल फेकली. पुरुष खुर्चीकडे धावले. मुखियाचे लोक मधे पडले नसते तर त्याचं काही खरं नव्हतं.

"चूक झाली माझी!" तो ओरडत होता. "चूक झाली! कुणाची होत नाही?"

"चुकीला कोण काय म्हणतंय?" हा आवाज एनेलेसचा. ती उठून मधे आली होती. लोक बाजूला झाले. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, त्याच्यापेक्षा वीतभर उंच. "चुकलास, तर चुकलास. मीही चुकले असते. पण तुला कळलं त्या दुपारी मी ओढ्याचं पाणी पीत होते. तू काय पीत होतास?"



ती वळली आणि त्या बायकांकडे बघितलं. "आणि तुम्ही! आता याच्यावर चपला फेकताय. माझी घागर कुणी लाथाडली होती? याने?"

ती तशीच चालत घरी गेली. कुणाचं ऐकायला थांबली नाही.

मुखियाने लिम्बानीला सांगितलं, की तू ज्या तोंडाने रेडिओवर बोललास त्याच तोंडाने पुन्हा बोल. तो बोलला. मी ब्लांटायरला माझ्या खोलीत बसून ऐकलं. "पुराच्या दिवशी तांत्रिक अडचणीमुळे काही निरोप पोचू शकले नाहीत. त्रुटी दूर करण्यात आली आहे." एवढंच. एनेलेसचं नाव नाही, स्वतःचं नाव नाही. जणू अडचण आपणहून आली आणि आपणहून गेली. मी रागाने भिंतीवर हात आपटला, तो नंतर दोन दिवस सुजला होता.

पण संध्याकाळी त्याच स्टेशनवर लोकांचे फोन घेण्याचा कार्यक्रम असतो. भाच्याच्या फोनवरून एनेलेस त्यात लागली. निवेदक "मायी, कोणतं गाणं लावू?" विचारत होता, ती म्हणाली, "गाणं नको. मी एनेलेस चिगांबा, नदीवर पाणी मोजते. लालचा निरोप मी पाठवला होता. लिम्बानी साहेबांनी यंत्रात चूक केली, ती लपवली आणि माझं नाव पुढे केलं. त्यांना आता माझं नाव घ्यायला लाज वाटते, म्हणून मीच घेतलं." निवेदक गडबडला आणि त्याने कुठलंतरी गाणं लावून टाकलं. पण खोऱ्यात सगळ्यांनी ऐकलं होतं.

माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली. कंपनीचं काम जिल्ह्याने काढून घेतलं. मोझांबिकवाले आलेच नाहीत. लिम्बानी म्हणाला होता ते खरं ठरलं, आणि त्याबद्दल पेम्फो अजून माझ्याशी बोलत नाही. त्याचीही नोकरी गेली. त्याचा राग मला समजतो. माझा मात्र उतरलेला नाही. लिम्बानी म्हणाला होता की उतरेल.

आता मी जिल्हा कचेरीच्या एका खोलीत बसून तेच काम नव्याने लिहिते. गावांचा संच न बदलणारा ठेवलाय. कुणी हात लावायला गेलं की यंत्र ओरडतं. आणि लालचा निरोप आला की यंत्राच्या हिरव्या खुणेवर मी विसंबत नाही, चार गावांना स्वतः फोन लावते. एनेलेस परत मोजणीवर आली, पण आधी मुखियाला सांगून की रूळ पण बडवणार. कुणी नाही म्हटलं नाही.

मागच्या महिन्यात तिच्याकडे गेले होते. अंगणात डोरिका बसलेली दिसली. तिला मी ओळखत नव्हते, पण चेहरा हुबेहूब एनेलेसचा. दोघी एकाच ताटात न्सिमा खात होत्या, मुकाट्याने. एनेलेसने मला हात धुवायला पाणी दिलं आणि तिसरी जागा केली.

बऱ्याच वेळाने डोरिका ताटाकडे बघत म्हणाली, "तू दाराशी आली होतीस तेव्हा मी ऐकायला हवं होतं."

"हवं होतं," एनेलेस म्हणाली. भाजीचं भांडं मात्र तिने बहिणीच्या बाजूला सरकवलं.